इथलीच एक

रांगोळीची चिमूट बोटांत धरून आसावरी आपल्याच घरापाशी अडली. घर म्हणजे बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, फरशीवर तिनंच नुकता काढलेला मुठीएवढा चौकोन. भोवती बायकांनी मिळून काढलेला सगळा परिसर पसरला होता. कोपऱ्यावरचा मारुती, मेडिकल, पालिकेचा दवाखाना, शाळा, रिक्षा स्टँड, मागचा नाला, आणि पार तिकडे कुणाच्या तरी स्कूटरच्या चाकाखाली गेलेली एमआयडीसी. मायाताई म्हणाल्या होत्या, "आता प्रत्येकीनं आपल्या घरापासून एक रेघ ओढायची. काही दुखलं-खुपलं, काही सुचेनासं झालं, तर पहिली कुठं जाता, तिथपर्यंत." बायकांनी भराभरा रेघा ओढल्या. कुणाची दवाखान्याकडे, कुणाची मेडिकलकडे, एकीची सरळ मारुतीकडे, आणि हेमाकाकूंची तर समोरच्या बिल्डिंगमधल्या बहिणीच्या घरात. आसावरीचा हात मात्र चौकोनाच्या कडेशीच राहिला. दवाखाना वीतभर अंतरावर होता. त्यावरचं फुलीचं चिन्हसुद्धा तिनंच काढलं होतं. पण चिमटीतली रांगोळी आपोआप गळत राहिली, एकाच जागी तिचा पांढरा ढीग साचत गेला आणि घराचं दार त्या ढिगाखाली बुजून गेलं.

"अगं ओढ की," हेमाकाकू म्हणाल्या. "का तुझ्याकडे डॉक्टर घरी येतो?"

बायका हसल्या. आसावरीही हसली. सासूबाई प्लास्टिकच्या खुर्चीवर उर्वीला मांडीत घेऊन बसल्या होत्या, त्या लगेच म्हणाल्या, "तिला कशाला लागतोय डॉक्टर? आठ महिन्यांत पोरीला साधी सर्दी नाही झाली. डोळ्यांत तेल घालून बघते. मीच म्हणते, अगं जरा टेक." त्यांच्या आवाजात कौतुक होतं, खरंखुरं होतं, आणि ते कौतुक आसावरीला एखाद्या जड झाकणासारखं आपल्यावर बसताना जाणवलं. नीट, कडेला कड लावून बसलेलं. वाफ जायला जागा नाही असं.

मायाताई कल्याणच्या एका संस्थेतून आल्या होत्या. या बिल्डिंगमध्ये आणि मागच्या चाळीत आरोग्याचे वर्ग सुरू करायचे होते, पण वर्ग कशाचे घ्यायचे ते लोकांनी सांगायचं, असा त्यांचा खाक्या. "भाषण ठोकायला आम्हालापण येतं हो," त्या म्हणाल्या, "पण होतं काय, तुमचा दुखतोय गुडघा आणि आम्ही शिकवतोय डेंग्यू. म्हणून आधी तुमच्याकडे काय आहे ते बघू, मग काय नाही ते." नकाशा झाल्यावर त्यांनी खडूनं मोठमोठी वर्तुळं काढली आणि प्रत्येकात एक चित्र. साखरेचा डबा म्हणजे मधुमेह, डास म्हणजे डास, मुलींच्या पाळीसाठी कॅलेंडर. गुडघा मात्र अगदी दुधी भोपळ्यासारखा आला, त्यावर बराच वेळ विनोद झाले. शेवटचं वर्तुळ रिकामं ठेवलं. "हे राहून गेलेलं. जे कुणी बोललं नाही ते." मग पिशवीतून मूठमूठ कडवे वाल प्रत्येकीच्या ओंजळीत. जी गोष्ट शिकून घ्यावीशी वाटते तिच्यावर दाणे टाकायचे, जास्त गरज तिथं जास्त दाणे.

"मोड आणून, सोलून तरी आणायचे," हेमाकाकू म्हणाल्या. "जाताना बिरडं झालं असतं."

"एकच नियम," मायाताई हसत म्हणाल्या. "टीव्हीवरचं नको, गावाकडचं नको, मावसबहिणीच्या जावेचं नको. इथलंच सांगायचं. या बिल्डिंगमधलं, या गल्लीतलं. नाहीतर आमची फसगत होते."

आसावरीच्या तळहाताला घाम आला होता, वाल त्याला चिकटत होते. ती त्या रिकाम्या वर्तुळाकडे पाहत राहिली. ते कधी सुरू झालं हे तिला सांगता आलं नसतं. बारशानंतर कधीतरी, एका अगदी साध्या दुपारी, ती उर्वीला घेऊन बाल्कनीत कपडे काढायला गेली होती, आणि तिला आपलेच हात दिसले. विचार नव्हता तो, चित्र होतं. आपले दोन हात कठड्यापलीकडे गेलेले, आणि बोटं सुटलेली. बस, एवढंच. ती मागे भिंतीला जाऊन आदळली, उर्वीला इतकं घट्ट धरलं की पोर कळवळून रडली, आणि त्या रडण्यावर सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "भूक लागली असेल गं तिला." तेव्हापासून ते चित्र घरात राहायला आलं होतं. भाजी चिरताना येई, आंघोळीचं पाणी टबात ओतताना येई, जिना उतरताना तर प्रत्येक वळणावर उभं असे. तिनं बाल्कनीची कडी ओढणीनं बांधून टाकली, विचारलं तर कबुतरं येतात म्हणाली. विळी माळ्यावर गेली, उर्वी आता रांगेल म्हणून. प्रत्येक गोष्टीला एक शहाणं कारण सापडत होतं, आणि प्रत्येक कारणागणिक लोकांच्या नजरेत ती आणखी चांगली आई होत होती. सासूबाई बाहेर गेल्या की ती घराचं दार सताड उघडं टाकून हॉलच्या मधोमध बसायची, जिन्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला आपण दिसावं म्हणून. कुणीतरी आपल्याला बघत राहावं, एवढंच तिला हवं असे. ती आठ महिने स्वतःवर पहारा देत होती, आणि पहारेकऱ्याला झोप कुठली?

गंमत म्हणजे तिला त्याचं नाव माहीत होतं. ठाण्याच्या कॉलेजात मानसशास्त्र घेऊन बी. ए. केलेलं. खोपटला माहेरच्या घरी, खिडकीखालून एसटी स्टँडची अनाउन्समेंट चालू असायची, 'अमुक गाडी फलाटावर लागत आहे', आणि ती मोठमोठ्यानं पाठ करायची: प्रसूतीनंतरची चिंता, नको असलेले विचार, त्यांची लक्षणं. बाबा म्हणायचे, जरा हळू, प्रवाशांना वाटेल ही पण गाडीच आहे. त्या प्रश्नाला तिला पैकीच्या पैकी मिळाले होते. ज्या बाईला अशी चित्रं दिसतात ती त्यांना घाबरते म्हणूनच ती दिसत राहतात, ती बाई बहुधा तसं करत नाही, आणि हे बरं होतं, हेही तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं. पण पोहण्याचं पुस्तक तोंडपाठ असलेल्या माणसाला विहिरीत ढकलावं तशी तिची गत झाली होती. 'बहुधा' हा शब्द तेवढा वर तरंगत राही. मुकुलला, तिच्या नवऱ्याला, तिनं एकदा सांगून पाहिलं. तो माजिवड्याच्या ऑफिसातून नुकताच आला होता, मोजे काढत होता. "मुकुल, मला भीती वाटते." "कशाची?" "उर्वीची... म्हणजे मी तिला काही..." "अगं, ताप आहे का?" "नाही." तो जवळ आला, तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "तू जास्तच काळजी करतेस. माझ्या ऑफिसातल्या सगळ्यांना मी सांगतो, आमच्या घरी चोवीस तास आयसीयू आहे." आणि हसला. वाईट माणूस नव्हता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो तिला प्रेमाचा बसत होता.

मायाताईंनी रिकाम्या वर्तुळाकडे बोट करून विचारलं, "काय मग, यात काहीच नाही? काही राहिलं नाही?"

आसावरीनं स्वतःचाच आवाज ऐकला. "म्हणजे... बाळंतपणानंतर एखादीला मनात भलतंसलतं येत असेल. बाळाबद्दल. आपल्या हातून काही होईल अशी भीती. झोप नाही, कुणाला सांगताही येत नाही..." तिच्या कानांत इतकं गरम झालं होतं की पुढचं वाक्य कुठं गेलं ते तिलाच कळलं नाही.

वर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. मायाताई वाकून म्हणाल्या, "फार महत्त्वाचं बोललात. हे इथलं आहे का पण? का वाचलेलं?"

नाही म्हटलं असतं तर मायाताईंनी मान डोलावली असती, खडूचा हात पुसला असता आणि ते वर्तुळ तसंच रिकामं राहून उद्या झाडूवालीच्या पाण्यात वाहून गेलं असतं. आसावरीला ते वर्तुळ पुसलेलं दिसलं आणि तिचा जीव कासावीस झाला.

"इथलंच आहे," ती म्हणाली. "आपल्या बिल्डिंगमधली... आहे एक."

एक म्हणताना तिला वाटलं होतं, कुणीतरी आपल्याकडे बघेल. आता कळेलच. आता सासूबाई माझ्याकडे बघतील, हेमाकाकू बघतील, आणि मग मला काही बोलावंच लागणार नाही. ती मान खाली घालून वाट पाहत राहिली. आणि मान वर केली तेव्हा सगळ्यांच्या माना आणखी वर होत्या. सगळ्या तिसऱ्या मजल्याकडे बघत होत्या.

"वरची का गं?" हेमाकाकूंनी आवाज उतरवला. "प्रीती?"

"मला वाटलंच होतं," सासूबाई म्हणाल्या. "तरी मी म्हणते, ती जिन्यात एवढी हसते कशाला."

बिल्डिंगमध्ये तान्ही मुलं दोनच. एक उर्वी, सासूबाईंच्या मांडीवर अंगठा चोखत असलेली, आठ महिन्यांत साधी सर्दी न झालेली. दुसरा वरचा सम्यक. प्रीती आणि उत्तम वर्षभरापूर्वी भाड्यानं राहायला आले होते. प्रीती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती, बाळंतपणानंतर त्यांनी परत घेतलं नाही. उत्तम कल्याणला रेल्वेच्या शेडमध्ये, पाळ्या बदलत्या. सासू टिटवाळ्याला. मीटिंगचा निरोप सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला होता आणि भाडेकरूंना त्या ग्रुपवर घेतलेलं नव्हतं, म्हणून प्रीती खाली नव्हती, एवढंच. बुद्धपौर्णिमेला ती खिरीचा डबा घेऊन आली होती. सासूबाईंनी तोंडभर हसून डबा घेतला, आत येऊन खीर सिंकमध्ये ओतली आणि डबा धुऊन परत केला. रिकामा. ज्या बाईनं कधी कुणाचं भांडं साखरेचे चार दाणे घातल्याशिवाय परत पाठवलं नाही, तिनं. आसावरी ओट्यापाशी उभी होती. ती काही बोलली नव्हती. आत्ताही ती काही बोलली नाही. आणि त्या गप्प राहण्यात, खोटं कशाला बोला, थोडी सुटकाही होती. मी नाही. ती.

"मी नाव घेतलेलं नाही," एवढं मात्र ती पुटपुटली.

"नकोच घेऊस," हेमाकाकूंनी तिच्या पाठीवर थाप मारली. "आम्ही कुठं घेतलंय?" आणि रिकाम्या वर्तुळात दाणे पडू लागले. एकेक बाई वाकून, जरा हळहळत, जरा चवीनं, दाणे टाकत होती. सगळ्यांत मोठा ढीग तिथं झाला. मायाताईंनी आसावरीला बाजूला घेऊन म्हटलं, "तुमचं लक्ष असतं हो. अशीच एखादी बाई आम्हाला प्रत्येक बिल्डिंगमध्ये लागते. बघणारी." आसावरीनं मान हलवली. घरी येताना जिन्यात सासूबाई म्हणाल्या, "बरं केलंस सांगितलंस. उद्या काही बरंवाईट झालं तर नाव बिल्डिंगचं. पण तू आपली वर जाऊबिऊ नकोस. उर्वीला घेऊन तर नाहीच."

मग वर माणसं जायला लागली. आसावरीच्या घराचं छत म्हणजे प्रीतीच्या घराची फरशी, त्यामुळे सगळं तिच्या डोक्यावरच घडत होतं. बेल वाजायची, खुर्ची सरकायची, हेमाकाकूंचं ते पडदा सरकवल्यासारखं हसू. "सहज आलेले गं, म्हटलं बाळाला बघावं." बाळाला बघायला महिनोन्महिने कुणी गेलं नव्हतं. आता कुणी डिंकाचे लाडू घेऊन गेलं, कुणी जुनं झबलं, कुणी नुसतंच. खाली आल्यावर लिफ्टपाशी बैठक बसे. घर आवरलेलं होतं, म्हणजे मुद्दाम आवरलेलं असणार. बाळ झोपलेलं होतं, एवढं कसं झोपतं? ती नीट बोलली, तर जरा जास्तच नीट बोलली. बोलली नाही, तर बघा. आसावरी भाजीची पिशवी घेऊन तिथं उभी राही आणि तिला मान वर करवत नसे, कारण त्या जे जे प्रीतीत शोधत होत्या ते सगळं, एकूणएक, खालच्या मजल्यावर कडी-कुलपात होतं आणि तिकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. दुपारी उर्वीला पायांवर झोपवताना ती छताकडे डोळे लावून बसे. वर पावलं इकडून तिकडे, तिकडून इकडे चालत. कधी थांबत. का थांबली? खिडकीपाशी का? आणि मग तिला स्वतःचीच शिसारी येई, की मीपण बघायला लागले. ज्या नजरेची आपण आठ महिने वाट पाहिली ती आली, पण चुकीच्या मजल्यावर उतरली, आणि पत्ता आपणच दिला.

एकदा जिन्यात प्रीती समोर आली. कडेवर सम्यक, हातात दुधाची पिशवी. नेहमीसारखी हसली नाही. आसावरीकडे नीट, शोधल्यासारखं पाहिलं. चोराच्या मनात चांदणं. आसावरी म्हणाली, "गॅसवर दूध आहे," आणि आत जाऊन दाराला पाठ लावून उभी राहिली. गॅसवर काहीही नव्हतं. तिनं मनातल्या मनात वाक्य तयार केलं. मायाताई, ती मी होते. एवढंच. पाच शब्दसुद्धा नाहीत. पण वाक्याच्या मागोमाग पुढचं सगळं येऊन उभं राही. सासूबाई उर्वीला उचलून आपल्या खोलीत नेतील, मुकुल मोजे हातात धरून बघत राहील, हेमाकाकू डिंकाचे लाडू घेऊन येतील, आणि खोपटला आईबाबांना फोन जाईल की तुमच्या मुलीला घेऊन जा, बाळ इथं राहू दे. बाळ इथं राहू दे. इथपर्यंत आलं की वाक्य मागं फिरे. आणि दुसऱ्या बाजूनं विचार येई, की मी बोलले नाही आणि प्रीतीचंच बाळ तिच्यापासून काढून घेतलं तर? दोन्ही बाजूंनी भिंती, आणि ती मधल्या बोळात, कडेवर उर्वी.

गुरुवारी सासूबाई पोथीला गेल्या. आसावरीनं नेहमीप्रमाणे दार उघडं टाकलं आणि हॉलमध्ये चटईवर बसली. उर्वी समोर पालथी पडून एका चमच्याशी झटापट करत होती. सकाळी मायाताई वर येऊन गेल्या होत्या. बराच वेळ होत्या. खुर्ची सरकल्याचा आवाज नाही, हसण्याचा नाही, नुसती गुणगुण, आणि मध्येच रडण्यासारखं काहीतरी. ते बाळाचं नव्हतं. आसावरीनं तेव्हा नळ मोठा सोडला होता.

जिन्यात पावलं वाजली आणि दारात प्रीती उभी राहिली. बाहेर जायचा पंजाबी ड्रेस, खांद्याला पर्स, कडेवर सम्यक. डोळे सुजलेले.

"सरोजकाकू नाहीत?"

"आई पोथीला गेल्यात." आसावरी उठून उभी राहिली. आता ही मला विचारणार. आता हिनं मला ओरडावं, शिव्या घालाव्यात, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं. तिनं खरंच मनातून तशी प्रार्थना केली.

"तू सांगितलंस ना खाली?" प्रीती म्हणाली. "हेमाकाकू बोलल्या."

"प्रीती, मी..."

"थांब, मला बोलू दे, नाहीतर राहील. तुला कसं कळलं गं?" प्रीतीचा आवाज एकदम पातळ झाला. "मी उत्तमला नाही बोललेय. सासूला नाही. माझ्या आईला नाही. लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढायची मी, हात नाही थरथरला कधी. आणि याला आंघोळ घालायची म्हटली की... मला वाटायचं, मी हसत राहिले तर कुणाला नाही समजणार. तू दारात बसलेली असायचीस ना रोज. मला वाटायचं, किती शांत बसते ही. आणि तू तिथनं बघून ओळखलंस."

आसावरीनं दाराची चौकट धरली. बाहेर जिन्यावर ऊन पडलं होतं, त्यात धूळ तरंगत होती, आणि सगळं फार लांब गेल्यासारखं वाटत होतं. खरं होतं म्हणजे. वरच्या मजल्यावर, तिच्याच डोक्यावर, तीच पावलं, तीच खिडकी. तिनं खोटं चालू दिलं होतं आणि ते खरं निघालं होतं. आता तर ती पुरतीच अडकली. आता खोटं पाडायलासुद्धा काही उरलं नाही. वर शाबासकी.

"पहिल्यांदा राग आला," प्रीती सांगत होती. "म्हटलं काय समजते स्वतःला. त्या सगळ्या जणी यायच्या वास घेत. पण आज मायाताईंसमोर तोंडातनं निघालं ते निघालंच. त्या म्हणाल्या आजच जा. कल्याणला डॉक्टर मॅडम बसतात, त्यांनी नंबर लावून दिलाय. रिक्षा बोलावलीय खाली. उत्तम डबल ड्युटीला अडकलाय. याला घेऊन तिथं लाइनीत... आणि त्यांच्यासमोर मला नीट बोलायचंय गं, एकदाच, सगळं." तिनं सम्यकला कडेवरून पुढं केलं. "तासा-दोन तासांत येते. ठेवशील? तुझ्याकडे ठेवायला मला भीती नाही वाटत. दुसऱ्या कुणाकडे नसता ठेवला."

सम्यकनं हात पुढे केले. लठ्ठ मनगटं, त्यांवर काळ्या मण्यांचे बारीक गोफ. आसावरीचे हात उठले, सवयीनं, आणि अर्ध्यातच थांबले. मागे चटईवर उर्वी चमचा आपटत होती. दोन बाळं, रिकामं घर, आणि ओढणीनं बांधलेली कडी. त्या गाठीपाशी ते चित्र उभं राहिलं, या वेळी दुप्पट. तिनं हात मागे घेतले आणि पाठीशी एकमेकांत घट्ट गुंतवले.

"नको," ती म्हणाली. "माझ्याकडे नको देऊस."

प्रीतीचा चेहरा हळूच मिटला. एखादं दुकान भरदुपारी आतून शटर ओढून घेतं तसा. तिनं सम्यकला परत कडेवर घेतलं, त्याची टोपी नीट केली. "बरोबर आहे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, ओळखीची, जुनी, दमलेली समजूत होती. "सरोजकाकू आल्यावर त्यांना नाही चालायचं. माझ्याच लक्षात यायला पाहिजे होतं. असू दे."

आणि ती वळली.

आसावरीला दिसलं, ही आता जाईल. जिना उतरेल, रिक्षात बसेल आणि मनाशी म्हणेल, हीपण त्यांच्यातलीच. आणि आसावरी वाचेल. कुणालाही काही कळणार नाही. सासूबाई पोथीहून येतील, प्रसाद हातावर ठेवतील, शाबासकी कायम राहील. एवढं सोपं होतं, फक्त गप्प बसायचं होतं, जसं तिनं पार्किंगमध्ये केलं, ओट्यापाशी केलं. झाकण तसंच राहिलं असतं, कडेला कड लावून. पण प्रीतीच्या पाठीकडे बघताना, ओढणीखाली ताठ झालेल्या त्या खांद्यांकडे बघताना तिला पहिल्यांदाच स्वतःपेक्षा दुसऱ्या कुणाचं तरी जास्त वाटलं.

"तसं नाही गं!" ती इतक्या मोठ्यानं ओरडली की वरच्या मजल्यावर कुठंतरी दार उघडल्याचा आवाज आला. "प्रीती, तसं नाही. जातीचं नाही, आईंचं नाही. मीच ती. मी माझ्याबद्दल बोलत होते खाली. मी तुला ओळखलं-बिळखलं नाही, मला तुझं काही माहीत नव्हतं. त्या सगळ्यांनी वर बघितलं आणि मी गप्प बसले. मी उर्वीला घेऊन एकटी घरात राहू शकत नाही. म्हणून दारात बसते." तिला धाप लागली होती. "मी शांत नसते बसलेली."

प्रीती पायरीवर उभी होती, एक पाय खाली, एक वर. तिच्या चेहऱ्यावरून एकामागून एक काय काय गेलं, ते आसावरीला वाचता येत होतं, कारण ते सगळं तिचंच होतं. राग होता. तो यायलाच हवा होता, आणि तो आला तेव्हा आसावरीला बरंच वाटलं.

"म्हणजे सगळी बिल्डिंग माझ्या घरात शिरवलीस," प्रीती म्हणाली, "आणि स्वतः खाली छताला कान लावून बसलीस."

"हो."

"वा. शिकलेली बाई."

खाली रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. परत वाजवला. सम्यकनं दचकून ओठ काढले, आणि ते पाहून उर्वीनं आतून सूर लावला. प्रीतीनं खाली जिन्याच्या पोकळीत पाहिलं, मग आत चटईवर हातपाय झाडणाऱ्या उर्वीकडे, मग आसावरीच्या पाठीमागे गुंतवलेल्या हातांकडे.

"येते हो भाऊ, थांबा!" तिनं खाली ओरडून सांगितलं. "दोघी आहोत!"

मग आसावरीकडे न बघताच ती दोन पायऱ्या परत वर आली आणि घरात शिरून उर्वीला उचलू लागली.

"चपला घाल," ती म्हणाली.